पाहुण्यांच्या वाटेत कॅमेरा नको

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगाव खंडोबाच्या यात्रेने गजबजून जाते. त्याच सुमारास मराठवाड्याच्या जलाशयांवर आणखी एक यात्रा उतरलेली असते. तिला ना पालखी, ना बाजार. मंगोलिया, तिबेट आणि लडाखकडून निघालेले पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून दख्खनच्या पाण्यावर येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून त्यांनी उड्डाण केल्याची नोंद आहे. संस्कृत कवींनी विरहाचे प्रतीक मानलेला चक्रवाक हाही हिवाळ्यातला असाच पाहुणा.

या पाहुण्यांना पाहण्याची आणि टिपण्याची हौस वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट होय. छायाचित्रातून नोंदी होतात. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले हंस भारतात ओळखता आले, ते अशा निरीक्षणामुळेच. परंतु बसलेला थवा उडताना टिपावा म्हणून खडा भिरकावणे, टाळ्या पिटणे, ड्रोन घोंगावत नेणे, याला छंद कसे म्हणावे? परतीच्या दीर्घ प्रवासासाठी पक्षी येथे चरबी साठवतो. त्याचे प्रत्येक अकारण उड्डाण त्या शिदोरीतूनच खर्ची पडते. दारी आलेल्या अतिथीला ताटावरून उठवून त्याची छबी घेणे हा आपला संस्कार नव्हे.

पैठणच्या जायकवाडी जलाशयाला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचे संरक्षण आहे. लोहा तालुक्यात मानार नदीवर असलेल्या लिंबोटी धरणाला तसे कवच नाही. शिकारीविरुद्ध १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. पण प्रत्येक काठावर वनरक्षक उभा करता येत नाही. तेथे समाजाची जागरूकता हाच खरा पहारा. मेवाडातील मेनार गावाने आपल्या तळ्यांवर शिकारीला आणि मासेमारीला पिढ्यान्‌पिढ्या थारा दिला नाही. त्या तळ्यांना २०२५ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. आधी गावाचे व्रत, मग जगाची मान्यता, असा हा क्रम आहे.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जयंतींना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी मुलांना काठावर न्यावे, दुर्बीण हाती द्यावी आणि एकच नियम शिकवावा : आपण आलो म्हणून थवा उडाला, तर आपण फार जवळ गेलो. छायाचित्र साधले नाही तरी चालेल. पुढच्या वर्षी पाहुणा परत आला पाहिजे.