दुखणं लपवणारा समाज

खोटं औषध फसव्या माणसामुळे खपतं, असं आपण धरून चालतो. हे अर्धसत्य आहे. फसवणारा माणूस बाटली भरतो; तिला गिऱ्हाईक आपण मिळवून देतो. अंगावरून पांढरं जातं हे ज्या घरात बाईला नवऱ्याजवळ बोलता येत नाही, मूल होत नाही म्हणून सुनेला दहा दवाखाने दाखवले जातात पण मुलाची एकही तपासणी होत नाही, मुलीला फिट येते किंवा कोड उठलंय ही गोष्ट लग्न जमेपर्यंत झाकून ठेवली जाते, त्या घरात गुपचूप मिळणाऱ्या औषधाला मरण नाही. म्हणून हा आरोप औषधवाल्यावर नंतर. आधी तो आपल्या सगळ्यांवर आहे.

पणदऱ्याहून बारामतीकडे जा नाहीतर नीरेकडे, रस्त्याकडेच्या भिंती आणि विजेचे खांब वाचत जा. मधुमेह मुळासकट बरा, मुतखडा विनाऑपरेशन, संधिवात कायमचा बंद, कोड घालवा, उंची वाढवा, संतती हमखास. खाली एक मोबाइल नंबर. डॉक्टरचं नाव नाही, पदवी नाही, पत्ता नाही. या जाहिरातींना बंदी करणारा कायदा 1954 सालीच झालेला आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा असं त्याचं नाव. त्याच्या परिशिष्टात 54 आजारांची यादी आहे. मधुमेह, मुतखडा, संधिवात, कोड, वंध्यत्व, कर्करोग, लकवा, फिट आणि माणसाची उंचीसुद्धा त्या यादीत आहे. हे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. जाहिरात छापण्यात भाग घेणाराही त्यात सापडतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केला तर वर्षभर. 1963 च्या दुरुस्तीने हा गुन्हा दखलपात्र झाला, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. कायद्याची यादी आणि भिंतीवरची यादी शेजारी ठेवली तर दोन्हींत तीच नावं आहेत. सत्तर वर्षं आपण ही भिंत रोज वाचतो आणि पुढे जातो.

हा धंदा नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मराठी वर्तमानपत्रं उघडली की गिरगावच्या डोंगऱ्यांचं बालामृत, वरळीच्या बाटलीवाल्यांचं हिवतापावरचं मिश्रण, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या अशी नावं पानोपानी भेटतात. त्या काळी तालुक्याच्या गावालाही डॉक्टर मिळणं कठीण होतं. पोस्टाने व्ही.पी. आली की औषध दारात. अशा औषधांतली काही गुणाची असत, काही निरुपद्रवी, आणि काहींत काय आहे हे कारखानदाराशिवाय कोणालाच कळत नसे. ही बेबंदशाही इतकी वाढली की 1930 साली सरकारला कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, आणि त्यातून पुढे 1940 चा औषध कायदा आला.

पण त्या जाहिरातींत एक माल सर्वांत जास्त खपत होता, तो म्हणजे भीती. तरुणांना सांगितलं जायचं की तुमचा धातू जातोय, तुमचं तेज संपलं, तुमचा संसार होणार नाही. ज्या माणसाने मराठीत उभं राहून सांगितलं की ही भीती निराधार आहे, शरीराबद्दल मोकळेपणाने विचारा आणि शास्त्र काय सांगतं ते ऐका, तो माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. 1927 पासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. समाजाने त्यांना काय दिलं? अश्लीलतेचे खटले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरीही दंड झालाच. भीती विकणाऱ्या जाहिराती सभ्य घरांच्या दिवाणखान्यात वाचल्या जात होत्या आणि भीती घालवणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. त्या निवाड्याची किंमत आपली मुलं आजही भरतात. गुप्तरोगाच्या नावाने चालणाऱ्या तंबूत शिरणारा विशीतला पोरगा आईबापांना विचारू शकत नाही आणि शाळेत त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

लाजेइतकंच दुसरं भांडवल आहे ते आपल्या निर्दयतेचं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. मूल दिवसभर निपचित पडून राही, म्हणजे आईला पाळी भरता येई. 1922 च्या सुमारास डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक बाळांना अफू दिली जात असल्याचं दिसलं. या बाया आपल्याच सातारा, पुणे, रत्नागिरीच्या गावांतून गेलेल्या होत्या. त्यांना अडाणी ठरवून नावं ठेवणारे पुष्कळ होते. खरा उपाय काढला तो वेगळ्यांनी. बाळंतपणात पगारी रजा मिळाली पाहिजे, तिचा भार मुख्यतः सरकारने आणि काही अंशी मालकानेही उचलला पाहिजे, हे 1928 साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी ठासून मांडलं आणि 1929 साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. सुधारणा याला म्हणतात. विषाच्या गोळीबद्दल आईला शिव्या देणं सोपं असतं. तिच्यावर ती गोळी देण्याची पाळी आणणारी व्यवस्था बदलणं हे खरं काम असतं.

आता आपल्या शिवारात या. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, तिन्ही कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, जालना, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणून खाडा परवडत नाही. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पहाटे अंधारात फडात उतरलेली बाई कमरेत कळ आली म्हणून दिवसभर दवाखान्याच्या रांगेत बसू शकत नाही. ती दुकानातून कागदात बांधलेली पुडी घेते. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. तासाभरात कळ थांबते आणि तिला वाटतं, हे रामबाण आहे. सांधेदुखीच्या अशा ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्या तपासल्यावर त्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडं आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं वारंवार सापडलेली आहेत. महिनोन्‌महिने ती पोटात गेली की तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जठराला जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. पुडी एकदम बंद केली तरी जिवावर बेतू शकतं. उसाचा उतारा दशांशापर्यंत मोजणारा आपला बागायती मुलूख तो ऊस तोडणाऱ्या बाईच्या पाठीचं दुखणं मोजत नाही. तिच्या हातातली पुडी हा तिचा अडाणीपणा नाही, तो आपला हिशेब आहे.

‘नकळत दारू सोडवा’ ही पाटी तर प्रत्येक एसटी स्थानकावर असते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेली बाई मंगळसूत्राचे मणी मोडून ती पावडर आणते आणि चहात टाकते. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिराम नावाचं औषध देतात, पण ते रुग्णाला सांगून आणि त्याची संमती घेऊन. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदय बंद पडू शकतं. चोरून दिलेल्या पावडरीत काय आहे हे त्या बाईलाही ठाऊक नसतं. तिला चोरून द्यावं लागतं, कारण उघड बोलण्याइतका आधार तिला सासरी नाही, माहेरी नाही आणि गावातही नाही. ज्या गावात दारूचा धंदा दिवसाढवळ्या चालतो तिथे दारू सोडवण्याचा प्रयत्न मात्र चोरून करावा लागतो, याची लाज पावडर विकणाऱ्याआधी गावाला वाटली पाहिजे.

औषधाच्या कपाटाबाहेरही हीच कथा आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी आपल्या आयाबहिणी दात घासायला म्हणून लावतात आणि मग ती दिवसातून चार वेळा लागते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली. उत्पादकाने ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि 1997 मध्ये तिथेही तो हरला. मुंबईतल्या गरोदर बायांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बायांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं. कायदा कारखान्याच्या दारात पोचला, चुलीपाशी आपण पोचायला हवं होतं. मुलगी सावळी म्हणून तिच्या गालांना स्टिरॉइड किंवा पारा असलेलं गोरेपणाचं मलम चोळलं जातं. त्याने कातडी पातळ होते आणि पारा मूत्रपिंडात उतरतो. ते मलम मुलीने मागितलेलं नसतं. हुंड्याचा भाव रंगावर ठरवणाऱ्या पाहुण्यांनी ते तिच्या हातात दिलेलं असतं. आणि मुलगाच व्हावा म्हणून गरोदर सुनेला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पाजल्या जाणाऱ्या औषधाबद्दल तर शब्द अपुरे पडतात. गर्भ मुलाचा की मुलीचा हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. त्यानंतर पोटात जाणारी अनोळखी पुडी बाळाला फक्त अपाय करू शकते.

अंगणात गावोगाव फिरणारा वैदू आला की शिकलेली माणसं त्याला भोंदू म्हणून हाकलतात. पण तोच दावा टाय लावलेल्या माणसाने नातेवाईकांच्या बैठकीत पडद्यावर चित्रं दाखवून केला, चुंबकाच्या गादीने लकवा बरा होतो असं सांगितलं, की त्याला चहा-पोहे मिळतात. बैठक भरवणारा बहुधा शिक्षक असतो, पतसंस्थेतला कर्मचारी असतो, कुणाचा तरी मेव्हणा असतो. गरीब माणूस विद्येवर नाही, माणसावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाची दलाली खाणारा सुशिक्षित माणूस हा या धंद्यातला मुख्य गुन्हेगार आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर अंधश्रद्धेविरुद्ध अग्रलेख आणि आतल्या पानावर ताईत व शक्तिवर्धकाची जाहिरात छापणारा संपादकही त्याच रांगेत उभा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिचा मुद्दाम विपर्यास केला जातो. हे आजीच्या बटव्याविरुद्धचं भाषण नाही. पोट दुखलं की ओवा, खोकला आला की सुंठ-गूळ, डोकं दुखलं की बाम, यात फसवणूक नाही. ते आराम देतात आणि त्यापलीकडचं वचन देत नाहीत. आयुर्वेदाचा मनापासून अभ्यास करणाऱ्या वैद्याला तर या बाजारबुणग्यांचा सर्वांत जास्त राग यायला हवा. आणि दोष एकाच पॅथीचा नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यामागची साखळी उघडी केली. तेच रसायन, डायइथिलीन ग्लायकॉल, 2025 मध्ये खोकल्याच्या सिरपमध्ये निघालं. छिंदवाडा भागातली वीसहून अधिक लेकरं गेली, त्यांतल्या अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला. ते सिरप परवानाधारक कारखान्यातून आलेलं होतं. मुद्दा जुन्या-नव्याचा नाही. जे तपासलं जात नाही ते विकू द्यायचं की नाही, एवढाच मुद्दा आहे.

काही होत नाही, ही सबब आता पुरे. मंत्रवलेल्या यंत्राच्या टीव्हीवरील जाहिरातींविरुद्ध आपल्याच राज्यातला एक शिक्षक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला आणि 2021 च्या जानेवारीत न्यायालयाने त्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचाच तिथे आधार मिळाला. एका माणसाने रक्त सांडून तो कायदा मिळवून दिला, दुसऱ्याने अर्ज लिहून तो वापरून दाखवला. आपल्याला दोन्हींपैकी सोपं काम करायचं आहे.

ग्रामसभेत ठराव करा आणि गावातली अशी प्रत्येक भिंत चुन्याने रंगवून टाका; नंबर लिहून घेऊन पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. नाव, घटक, परवाना आणि तारीख नसलेली पुडी विकणार नाही, असं गावातल्या दुकानदारांकडून वदवून घ्या. गाळप हंगामात आठवड्यातून एकदा डॉक्टर आणि आशाताई टोळीच्या कोपीवर गेल्या पाहिजेत, तेही संध्याकाळी, कोयता खाली ठेवल्यावर. ही मागणी कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत ऊस घालणाऱ्या सभासदानेच मांडली पाहिजे. बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मूल होत नसलेल्या जोडप्यातल्या पुरुषाने आधी तपासणी करून घ्यावी. आईने मुलीशी आणि बापाने मुलाशी शरीराबद्दल एकदा तरी सरळ बोलावं.

दुखणं सांगण्यात लाज नाही. ते सांगायला माणसाला जागा न देणाऱ्या घरात, गावात आणि समाजात लाज आहे. तुमच्या घरात आज कोणीतरी काहीतरी लपवून सोसत असेल. त्याला आजच विचारा, आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.