स्वभावाला औषध नाही?

माणसाचा निकाल लावण्याची आपल्या मराठीत फार उत्तम सोय आहे. सून उशिरा उठली की ती आळशी. शेजारी जिन्यात न बोलता निघून गेला की तो शिष्ट. खिडकीपलीकडचा कारकून खेकसला की तो खडूस. वर ‘स्वभावाला औषध नाही’ एवढे म्हटले की खटला संपला. आरोपीला आपली बाजू मांडायला सांगण्याचेही कारण उरत नाही! मी मराठीचा अध्यापक. म्हणींवरच माझे पोट चालते, तेव्हा त्यांच्याविरुद्ध बोलणे मला शोभत नाही. पण समाजमानसशास्त्राने या एका म्हणीची केलेली उलटतपासणी वाचकांच्या कानावर घातलीच पाहिजे.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्यूबाच्या फिडेल कास्ट्रोच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिलेले निबंध त्यांनी लोकांना वाचायला दिले. त्यांतल्या काहींना स्पष्ट सांगितले होते की, लेखकाला बाजू निवडायची मोकळीक नव्हती. ती नेमून दिलेली होती. तरीही कास्ट्रोची तरफदारी करणारा लेखक मनातूनही थोडाफार त्याच्याच बाजूचा असणार, असे वाचकांना वाटले.

याला हसण्यापूर्वी आपले निळू फुले आठवा. त्यांनी पडद्यावर पाटील-सावकार असे हुबेहूब रंगवले की, खेड्यापाड्यांतल्या कित्येक बायाबापड्या त्यांना खरोखरच तसे समजत. प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेला हा माणूस सज्जन आणि समाजकार्यात रमणारा. संवाद लेखकाचे आणि शिव्याशाप मात्र नटाला! माणसाने काय केले ते आपल्याला दिसते. कशामुळे केले ते दिसत नाही. मग ती मोकळी जागा आपण त्याच्या स्वभावाने भरून काढतो.

पण परिस्थितीचे बळ असते तरी किती? प्रिन्स्टनला धर्मोपदेशकाचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायचे होते. त्यांतल्या काहींचा विषय होता बायबलातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूची! वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवलेला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी मदत देऊ केली; ज्यांना ‘उशीर झाला, पळा’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा १०. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काहीजण त्या माणसाला ओलांडून गेले! त्यांना निर्दय म्हणायचे की घाईत होते म्हणायचे? घाईतल्या दहांपैकी एक थांबला, हेही विसरू नये. स्वभाव म्हणून काही असतोच. पण आपण समजतो तेवढा एकटा तो राज्य करीत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. एका वर्षी हजेरी कमी भरलेल्या विद्यार्थ्यांचा निर्णय करायला आमची बैठक बसली होती. एक मुलगी सकाळच्या पहिल्या तासाला सदैव उशिरा येई आणि आली की पेंगे. ‘बेफिकीर’ हा शेरा जवळजवळ कागदावर उतरला होता. सत्र नामंजूर झाले की तिचे वर्ष जाणार होते. इतक्यात चहा घेऊन आलेले आमचे शिपाईमामा म्हणाले, “साहेब, त्या पोरीची आई डबे करते. पोर पहाटे चारपासून पोळ्या लाटते, डबे पोचवते, तवा इकडं येते.” बैठकीने सत्र मंजूर केले आणि मुलीला दुपारच्या तुकडीत बसवले. पुढच्या सत्रात तिची हजेरी पुरी भरली. मुलगी तीच, स्वभाव तोच. बदलली होती फक्त वेळ.

आता एक समाधानाची गोष्ट. जोन मिलर या विदुषीने १९८४ साली अमेरिकेतली शिकागोची माणसे आणि आपल्याकडची म्हैसूरची हिंदू माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीच्या कुणी बरेवाईट काही केले, तर ते का केले असेल, असा प्रश्न होता. लहान मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. वय वाढे तसे अमेरिकन लोक माणसाच्या गुणावगुणांकडे अधिक बोट दाखवीत, तर म्हैसूरचे लोक नात्यांकडे, प्रसंगाकडे, परिस्थितीकडे. आपल्या मराठीतही ‘वेळ कुणाला सांगून येत नाही’, ‘दिवस फिरले’, ‘नाइलाज झाला’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेतच की! फक्त आपण ते बहुधा स्वतःसाठी राखून ठेवतो आणि ‘स्वभाव’ तेवढा दुसऱ्याला वाढतो.

वाचकहो, दिवाळीचे दिवस आहेत. कुणी पाहुणा फराळाला हात न लावता, अर्धा कप चहा घेऊन उठेल. एखादी नणंद भाऊबीजेला दुपारी यायची ती रात्री येईल. ‘तिचे नेहमीचेच’ हे वाक्य ओठांवर आले की क्षणभर थांबा आणि “काय गं, वाटेत अडचण आली का?” एवढे विचारा. कधी उत्तर मिळेल, कधी मिळणारही नाही. पण निदान चकली खाताना कुणाचा एकतर्फी निकाल लागणार नाही.