न दिसणारा माल

बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो, पाठीवर हात फिरवतो. भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतो. पोळ असेल ते वर तरंगते, भरलेले असेल ते तळाला बसते. लुगडे घेताना घरातली बाई पदर उजेडात धरते. माल हातात येतो, म्हणून पारखता येतो.

पण मंडळी, हल्ली आपल्या घरातून जो पैसा बाहेर जातो, त्यातला बराचसा अशा गोष्टींवर जातो की ज्यांना ना वजन, ना रंग, ना वास. दवाखाना, मुलांची शिकवणी, विमा, मोबाइलचा रिचार्ज, बँकेतली ठेव. ह्या सगळ्या सेवा. शिकवणी कशी होती ते निकालाच्या दिवशी कळते, आणि विमा कसा होता ते घरावर वेळ येते तेव्हा. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

मग माणूस निवड कशावरून करतो? जे दिसते त्यावरून. इमारत मोठी आहे, आत थंड हवा आहे, काउंटरवरचा मुलगा हात जोडतो. शेजारच्यांनी ठेव ठेवली आहे, भावकीतला पोरगा तिथे नोकरीला आहे, उद्घाटनाला मोठी माणसे आली होती. विकणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. माल दाखवता येत नाही म्हणून तो माणसे आणि भिंती दाखवतो. ह्यात लबाडीच असते असे नाही. चांगली बँकही हेच करते आणि बुडणारीही हेच करते, म्हणून तर त्यावरून पारख होत नाही.

पनवेलकडचे उदाहरण घ्या. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या तालुक्यांतल्या गावांची भातशेती नव्या शहरासाठी गेली. पुढे विमानतळासाठी गावेच्या गावे उठली. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा पिकाच्या पैशासारखा नव्हे. पीक बुडाले तर पुढच्या पावसाळ्यात परत उभे राहते. जमीन एकदाच विकली जाते. असा पैसा घरात आला की ओसरीवर माणसांची रीघ लागते. "काका, आपलीच बँक आहे. काकू, व्याज एक टक्का जास्त, आणि पैसे घ्यायला मी स्वतः घरी येईन." दोन लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला दोन हजार रुपये. एवढ्यासाठी आपण मुद्दल कोणाच्या हाती देतो, हे ओसरीवर कोणी विचारत नाही, कारण विचारणे म्हणजे त्या पोराचा अपमान केल्यासारखे वाटते.

ह्याच पनवेलला कर्नाळा नागरी सहकारी बँक होती. नाव आपल्या कर्नाळ्याच्या किल्ल्याचे, माणसे आपली, भाषा आपली. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची आशा नाही, हे कारण दिले. त्याआधीच बनावट कर्जखात्यांचा आरोप होऊन पोलीस तपास सुरू झाला होता. त्या प्रकरणाचे काय ते न्यायालय बघेल. आपण ठेवीदाराच्या बाजूने बघू.

परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले की शंभरातल्या पंचाण्णव ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम मिळेल. ती कुठून? बँकेच्या तिजोरीतून नव्हे, तर ठेव विमा महामंडळाकडून. आपल्या देशात बँकेतल्या ठेवींना १९६२ पासून विमा आहे. तेव्हा तो दीड हजार रुपयांपर्यंत होता. १९९३ साली तो एक लाखावर गेला आणि तिथेच सत्तावीस वर्षे अडकून बसला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे पाच लाख झाले. म्हणजे कर्नाळ्याचा परवाना जायच्या जेमतेम दीड वर्ष आधी. ही वाढ झाली नसती, तर लाखाच्या वर ठेव असलेल्या किती घरांत चूल पेटणे कठीण झाले असते, त्याचा विचार करा. आणि उरलेले शंभरातले पाच? त्यांची ठेव पाच लाखांच्या वर होती. वरची रक्कम बँकेची मालमत्ता विकून काय येईल त्यावर अवलंबून. एवढी मोठी रक्कम एकाच ठिकाणी कोण ठेवतो? ज्याच्याकडे आयुष्यात एकदाच मोठा पैसा येतो तो. जमीन गेलेला, नाही तर नोकरीतून निवृत्त झालेला.

ह्या विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. म्हणूनच बहुतेकांना तो असल्याचा पत्ता नसतो. पाच लाख हे एका माणसाचे, एका बँकेतले, सगळ्या शाखांचे मिळून. आणि त्यात व्याजही आले! बरोबर पाच लाखांची ठेव ठेवली तर तिच्यावर चढणारे व्याज विम्याच्या बाहेर राहते. म्हणून साडेचार लाखांवर थांबावे आणि पुढची रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवावी, तिथे पुन्हा पाच लाखांचे कवच मिळते. २०२१ च्या दुरुस्तीमुळे, रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेतून पैसे काढायला बंदी घातली, तर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूदही झाली आहे. पूर्वी लोक वर्षानुवर्षे खेटे घालत.

आता नीट लक्ष द्या. हा विमा बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. गावच्या नाक्यावरची पतसंस्था बँकेसारखीच दिसते. तसेच काउंटर, तसेच पासबुक, तसाच पिग्मीवाला संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरतो. चांगल्या चाललेल्या पतसंस्था पुष्कळ आहेत आणि अडीनडीला सोनाराच्या दारात जाण्यापेक्षा त्या बऱ्या. पण तिथला पैसा ह्या विम्याखाली येत नाही. रोजच्या गरजेपुरती पिग्मी ठीक. जमिनीचा पैसा तिथे नको, असे माझे स्पष्ट मत आहे. पोस्टाचे व्याज कोणाला कमी वाटेल, पण तिथे मागे सरकार उभे आहे.

ह्या बाबतीत घरातल्या बायका अधिक चांगल्या गिऱ्हाईक असतात. पुरुषाला ओसरीवर भीड पडते, बाईला बाजारात घासाघीस करायची सवय असते. तेव्हा ठेवीची बोलणी चालू असताना काकूंनी आतून चहा पाठवून गप्प बसू नये, बाहेर येऊन बसावे. "तुमच्याकडच्या ठेवीला विमा आहे का? असल्यास लेखी दाखवा" एवढेच विचारावे. जो खरा असेल तो रागावणार नाही. सही होण्याआधी वारसाचे नाव लावले का तेही बघावे. हे नाव नसल्यामुळे कित्येक विधवा बायकांना नवऱ्याच्याच पैशासाठी कागदपत्रे गोळा करत हिंडावे लागते.

आणि घेतलेली सेवा खोटी निघाली तर? ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आता लागू आहे. पैसे देऊन घेतलेली सेवा त्यात येते, मग ती बँकेची असो, विमा कंपनीची असो की खाजगी डॉक्टरांची. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही, आपले म्हणणे आपण मांडता येते. आधी चौकशी करायची असेल तर १९१५ ह्या क्रमांकावर फोन लावावा. फक्त पावती, पासबुक आणि त्या पोराने दिलेले माहितीपत्रक, तिन्ही जपून ठेवा. माहितीपत्रक आपण मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला वापरतो, पण काय कबूल केले होते ते त्याच्यावरच छापलेले असते.