नरक्याची किंमत कोण धरतं?

हिरडा वेचणाऱ्याला अकोले तालुक्यात कुणी शिकवावं लागत नाही. फळ घ्यायचं, झाड राखायचं. हाच न्याय सह्याद्रीतल्या नरक्याला मात्र मिळाला नाही. कोयना, महाबळेश्वर, आंबोलीच्या रानातलं हे लहानसं झाड; तोडलं की लाकडाला घाण वास येतो. तरी ते चोरून तोडलं जातं, मुळंही खणून नेतात, कारण त्यात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ द्रव्य आहे.

हे द्रव्य प्रथम एका चिनी झाडातून मिळालं. १९६६ साली अमेरिकेत ते ओळखणाऱ्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीतले वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. बारावीच्या प्रत्येक मुलाला हे नाव ठाऊक असायला हवं.

या रेणूत पाच कडी एकमेकांना जोडलेली असतात आणि दोन नायट्रोजन अणू त्या कड्यांतच बसलेले असतात. मेख आहे ती पाचव्या, लॅक्टोनच्या कड्यात. कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सुरुवातीला रुग्णांना त्याचा सोडियम क्षार दिला गेला. क्षार होताना हे कडं उघडतं आणि औषधाचा गुण जातो. वर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबल्या. पेशींतल्या टोपोआयसोमरेझ-१ या विकरावर ते काम करतं हे १९८५ मध्ये कळलं, तेव्हा संशोधक पुन्हा त्याच्याकडे वळले. त्यातूनच घडवलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या कर्करोगावरच्या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

नरक्यातही हेच द्रव्य आहे, तेही चिनी झाडापेक्षा जास्त, हे १९७२ मध्ये दाखवलं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी, मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात.

मग प्रयोगशाळेतच का बनवत नाहीत? १९७१ मध्ये गिल्बर्ट स्टॉर्क यांनी ते बनवलंही. पण त्यात रेणूचं मूळ रूप आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब सारख्याच प्रमाणात निघालं, आणि गुण फक्त मूळ रूपात. पुढे चांगले मार्ग सापडले, तरी झाडातून काढणंच स्वस्त पडतं. मला हा हिशेबच मान्य नाही. रानातल्या झाडाची किंमत शून्य धरली, म्हणून ते स्वस्त.

वनखात्याने नरक्याच्या रोपवाटिका ग्रामसभांकडे द्याव्यात. लागवडीचा दाखला नसलेला माल कुठल्याही कंपनीला घेता येऊ नये. पानांत द्रव्य कमी असतं, पण पान पुन्हा फुटतं. पानांपासून किती मिळू शकेल, हे तपासायचं काम तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्र विभागांना निधीसकट द्यावं.

– अकोलेकर