भिजलेल्या नखांचा हिशेब कोण ठेवणार?



गेल्या आठवड्यात जेटीवर आमच्या शेजारच्या काकींनी सुटे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले, तेव्हा नजर पैशांवरून त्यांच्या बोटांवर गेली. चार नखांभोवतीची कातडी सुजलेली, नखं आडवी खरबरीत, एकाची कड हिरवट. "दुखत नाही का?" म्हटलं, तर काकी हसून म्हणाल्या, "बर्फात हात घातला की कळत नाही रे."

मासळी निवडणाऱ्या निम्म्या बायकांना हे असतं आणि आपण "नखुरडं झालंय" म्हणून विषय संपवतो. हे मला पटत नाही.

नखुरडं दोन तऱ्हेचं. एक अचानक होतं: काटा टोचला की दोन दिवसांत बोट ठणकतं, पू धरतो. कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवावं, पू साठला तर डॉक्टरकडून काढून घ्यावा. लिंबात बोट खुपसून बसू नये, लिंबू ताटातच बरं. काटा टोचल्यावर कातडी जांभळट-लाल होऊन पसरायला लागली, तर डॉक्टरला "मी मासळीचं काम करतो" हे आधी सांगा. माशांपासून येणारे जंतू वेगळे असतात, औषधही त्याप्रमाणे लागतं.

दुसरं नखुरडं जुनं, महिनोन् महिने चालणारं. काकींचं हेच. नखाच्या मुळाशी कातडीची एक पातळ पट्टी असते. होडीच्या फळ्यांमधली फट आपण बुजवतो ना, तसं तिचं काम. खारं पाणी, बर्फ, साबण यांनी ती झिजते, पाणी आत शिरतं, आणि मग बुरशी नि जंतू तिथे घर करतात. हिरवा रंग जंतूंचाच. फट उघडी ठेवून नुसतं मलम लावणं म्हणजे होडीतलं पाणी उपसत राहणं. हात कोरडे राहिल्याशिवाय ते बरं होत नाही.

आणि मलम तरी कुठलं? दुकानातून विचारून आणलेली 'मिक्स' ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड असतं. चार दिवस लाली जाते, माणूस खूश. मी स्वतः जांघेतल्या नायट्याला तीच चोळली होती. नायटा दुप्पट पसरला, कातडी पातळ झाली ती वेगळीच.

गमबुटातल्या पायांची नखं पिवळी, जाड, भुगा होणारी दिसली तर बुरशी असू शकते, पण सोरायसिस आणि जुना मारही तसाच दिसतो. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासायला द्यावा. बुरशी निघाली तर गोळ्या साधारण हाताला 6 आठवडे, पायाला 12, त्याही लिव्हरचा विचार करून डॉक्टरनेच द्यायच्या. हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं. बंदीच्या 61 दिवसांत, 1 जून ते 31 जुलै, हाताचं जवळजवळ अर्धं नख नवं येतं. उपचार सुरू करायला यापेक्षा बरा मोका नाही. साखरेचा त्रास असलेल्यांनी मात्र बंदीची वाट बघू नये.

केसांचं थोडक्यात: गोल, गुळगुळीत चाई पडली तर घाबरू नका, बऱ्याचदा केस परत येतात. पण पोराच्या डोक्यावर खपल्यांचा चट्टा, तुटके केस असतील तर ती बुरशी. तिला पोटातून औषध लागतं, मलम मुळापर्यंत पोचत नाही.

आता मालकांशी बोलतो. 2024 साली कुटबणला कॉलरा झाला तेव्हा जेटीवरच्या पाण्याची आठवण सगळ्यांना झाली. बोटं कुजतात त्याची बातमी होत नाही. हात धुवायला गोड्या पाण्याचा नळ आणि हातमोजे, एवढंच मागणं आहे. आत सुती, वर रबरी, आणि आतून ओले झाले की बदलायला दुसरा जोड, कारण ओला मोजा नुसत्या हातापेक्षा वाईट. "मोज्यात मासा निसटतो" हे खरं आहे. निवडायला पातळ घ्या, शिंगाळ्याला जाड. संस्थेने घाऊक आणावेत, आणि खर्च डिझेल-बर्फासारखा ट्रिपच्या हिशेबात धरावा, बायकांच्या नि खलाशांच्या मजुरीतून कापू नये. पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे.

काकींना परवा एक जोड नेऊन दिला. माप मोठं निघालं. दुकानात सगळे पुरुषांच्याच मापाचे होते, लहान माप मागवावं लागणार.