अंदाजपत्रकाच्या आधी मल्टिमीटर

पाच-सहा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी. सकाळी बटण दाबले की डॅशबोर्ड लुकलुकतो, इंजिन फिरत नाही. मालक अधिकृत सेवा केंद्राला फोन करतो आणि तिथून आलेला बॅटरीचा आकडा ऐकून दुसरा फोन आपल्यापैकी कुणा स्वतंत्र गॅरेजवाल्याला करतो. आपला आकडा बराच कमी असतो. मग तो बॅटरीच्या दुकानात विचारतो, तिथे तर आपल्याही निम्म्यात काम होईल असे सांगतात. एकाच शहरात, एकाच गाडीला तीन भाव. अशा वेळी मालक बॅटरीचा विचार करत नाही, यातला फसवणारा कोण याचा करतो.

हा संशय आपल्या व्यवसायाला फार महाग पडतो आहे. तीन भावांमागे तीन वेगळ्या वस्तू असू शकतात. कधी दोन ठिकाणी वस्तू तीच असते, फरक वरच्या लेबलाचा असतो. नेमके काय आहे हे मालकाला आपणच सांगू शकतो, आणि ते तोंडी न सांगता कागदावर द्यायला हवे. आज लिहायचे आहे ते एवढ्यासाठीच.

आधी वस्तूकडे पाहू. या गाड्यांत बहुतेक वेळा एजीएम बॅटरी असते. तिच्यात आम्ल मोकळे नसते, काचेच्या तंतूंच्या जाळीत शोषलेले असते. स्टार्ट-स्टॉपची गाडी सिग्नलला इंजिन बंद करते तेव्हा ब्लोअर, दिवे, पडदा, सगळ्यांचा भार बॅटरीवर येतो आणि लगेच पुन्हा सेल मारायचा असतो. साध्या पाण्याच्या बॅटरीला हे दिवसभर झेपत नाही. मापेही मोठी असतात. ८० अँपिअर-अवरची ८०० अँपिअर, ९५ ची ८५० आणि १०५ ची ९५० अँपिअर, ही युरोपीय ईएन मानकाची नेहमी दिसणारी मापे. साध्या बॅटरीच्या दुप्पट-तिपटीच्या घरात किंमत जाते ती यामुळे, आणि ती जायलाच हवी.

शिवाय बॅटरी कुठे आहे हेही पाहावे लागते. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक सेडानमध्ये ती डिकीत असते, मर्सिडीजच्या एमएलमध्ये आणि ऑडीच्या क्यू सेव्हनमध्ये सीटखाली. माणसे बसतात त्याच बंद जागेत बॅटरी असेल तर तिचा वायू बाहेर नेणारी नळी लागतेच. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. अशा जागी साधी पाण्याची बॅटरी बसवायची आणि नळी तशीच लोंबकळत सोडायची, असे काम करणारे लोक आपल्यात आहेत. पैसे वाचवले म्हणून मालक त्यांचे आभारही मानतो. ही बचत नाही, धोका आहे. असे काम आपल्याकडे आले तर फोटो काढून मालकाला दाखवा आणि ते आधी दुरुस्त करा.

आता मुख्य मुद्दा. गाडी सुरू झाली नाही म्हणजे बॅटरी संपली, असे धरून चालणे हीच आपल्या धंद्यातली सर्वांत महागडी सवय आहे. आलिशान गाडी पुष्कळदा घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. आठवडाभर तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी, रविवारी जेवायला जाण्यापुरती बाहेर. कुलूप लागल्यावर सगळी मॉड्यूल झोपी गेली तरी २० ते ५० मिलिअँपिअर ओढले जातातच. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. म्हणजे ९५ ची बॅटरी काहीही बिघाड नसताना महिन्यात एक-तृतीयांशाहून जास्त रिकामी होते. त्यात कुणी डॅशकॅम थेट फ्यूजवर जोडलेला असतो, कुणी जीपीएस ट्रॅकर लपवलेला असतो, कुणी ओबीडीला डोंगल लावून विसरलेला असतो. एखादे मॉड्यूल झोपलेच नाही आणि अर्धा अँपिअर ओढत राहिले, तर तीच बॅटरी आठ दिवसांत आडवी होते. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही त्याच वाटेने जाते. मग मालक पुन्हा आपल्या दारात येतो, आणि तेव्हा चूक बॅटरीची नसते, आपली असते.

म्हणून आधी मोजा. गाडी उभी राहून काही तास झाल्यावर व्होल्टेज घ्या. एजीएम १२.८ किंवा वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामी होत आलेली. रिकामी बॅटरी टेस्टरवर खराबच दिसते, तिला न्याय द्यायचा तर एजीएम मोड असलेल्या चार्जरवर आधी पूर्ण भरा आणि नंतरच निकाल द्या. टेस्टरमध्ये मानक बरोबर निवडले आहे का तेही बघा. लेबलवर ईएनचा आकडा आणि टेस्टर एसएईवर ठेवलेला, एवढ्या चुकीनेही निकाल फिरतो. आणि हे अँपिअरचे, म्हणजे कोल्ड क्रँकिंगचे, आकडे उणे १८ अंशांना काढलेले असतात. मुंबईत, नागपुरात किंवा सोलापुरात थंडीपेक्षा उन्हाळा बॅटरी मारतो. आपल्या गिऱ्हाइकासाठी उरलेली साठवणक्षमता जास्त महत्त्वाची.

उभ्या गाडीत बॅटरी रिकामी करणारा ड्रेन शोधताना घाई नको. बॉनेट आणि डिकीची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला सगळे बंद आहे असे वाटू द्या, चावी लांब ठेवा, अर्धा तास थांबा. मग क्लॅम्प मीटर लावा किंवा प्रत्येक फ्यूजवरचा व्होल्टेज-ड्रॉप मोजा. फ्यूज उपसत बसलात तर झोपलेली मॉड्यूल जागी होतात आणि सगळे मोजमाप वाया जाते. या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे घ्यायला हवेत. टेस्टिंग फुकट, बॅटरी विकून कमवायचे, ही पद्धत जोवर आहे तोवर बॅटरी बदलण्याकडेच आपला कल राहणार. मालक तुमच्या अर्ध्या दिवसाचे हजार-दीड हजार देईल, पण त्याआधी तुम्ही त्याला समजावून सांगायला हवे की याने पंचवीस-तीस हजारांचा खर्च टळू शकतो. आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीला भिंतीवरचा मेंटेनर चार्जर लावून देणे, हा सगळ्यात स्वस्त पर्याय आपण क्वचितच सुचवतो.

बॅटरी खरोखरच गेली असेल, तर पर्याय समोर ठेवा. एक गोष्ट मालकाला बहुधा माहीत नसते: १२ व्होल्टची बॅटरी गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. कारखान्यातून येणारी बॅटरी बॅटरी-उत्पादकाकडूनच घेतलेली असते, वर गाडीच्या कंपनीचे नाव आणि पार्ट नंबर. तीच बॅटरी किंवा त्याच दर्जाची एजीएम उत्पादकाच्या स्वतःच्या नावाने बाजारात मिळते. नाव वाचताना मात्र सावध राहा. युरोपातल्या जुन्या बॅटरीवर एक्साइड असे लिहिलेले असते म्हणून ती आपल्या कोलकात्याच्या एक्साइड इंडस्ट्रीजची, असे समजू नका. त्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. माप, अँपिअर, टर्मिनलची बाजू, तळाची पकड आणि वायूची नळी हे पाचही जुळले पाहिजेत. उत्पादनाची तारीखही बघा. दुकानात वर्षभर चार्ज न करता पडलेली बॅटरी नवी म्हणून विकली तर ती तुमच्याच नावावर येते.

ईएफबीला, म्हणजे सुधारित पाण्याच्या बॅटरीला, सरसकट नाही म्हणू नका. इंजिनाच्या उष्णतेत बसणाऱ्या बॅटरीसाठी आणि मूळची ईएफबीच असलेल्या गाडीसाठी ती योग्य आहे. एजीएमच्या जागी मात्र ती उतरती पायरीच. मालकाने बजेटसाठी आग्रह धरला तर गाडीत तशी नोंद करून आणि बिलावर स्पष्ट लिहूनच बसवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्टची बॅटरी काही गाड्यांत मूळचीच येते. पोर्शेने ती २०१० च्या मॉडेलांत हौशी मालकांसाठी पर्याय म्हणून दिली होती, वजन १० किलोंहून जास्त घटवायला. एजीएमसाठी बनवलेल्या गाडीत ती नुसती टर्मिनल जुळतात म्हणून घालू नये. तिच्या आतले संरक्षक सर्किट चालत्या गाडीत तुटले तर अल्टरनेटरचा सगळा झटका इलेक्ट्रॉनिक्सवर येतो.

महाग आणि स्वस्तचा हिशेब वर्षात मांडा. समजा, तीस हजारांची एजीएम पाच वर्षे चालली आणि बारा हजारांची साधी दोन वर्षांत गेली. दोन्हींचा वर्षाचा खर्च सहा हजारच. वर दुसऱ्या पर्यायात रस्त्यात अडकणे आणि टोइंग येते. हे गणित समोर मांडले की निवड मालकाने करावी.

रजिस्ट्रेशनबद्दल, म्हणजे नवी बॅटरी गाडीच्या संगणकात नोंदवण्याबद्दल, दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. काही जण म्हणतात, नोंद केली नाही तर गाडी बंद पडेल. तसे होत नाही. दुसरे म्हणतात, ते कंपनीचे नाटक आहे. तेही खोटे. बीएमडब्ल्यूमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर बसलेला सेन्सर प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान सतत मोजतो आणि गाडी बॅटरीच्या वयाचा हिशेब ठेवते. नवी बसवून नोंद केली नाही तर गाडी जुन्या बॅटरीच्याच हिशेबाने तिला चार्ज करत राहते, स्टार्ट-स्टॉप बंद ठेवते, सीटच्या हीटिंगसारखे भार काढून टाकते. माप किंवा प्रकार बदलला असेल तर नोंदीबरोबर कोडिंगही बदलावे लागते. ऑडीतही बॅटरीची माहिती गाडीला द्यावी लागते. चार्जर लावताना त्याचा निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न जोडता बॉडीच्या अर्थ पॉइंटवर जोडा, नाहीतर सेन्सरला ते चार्जिंग दिसतच नाही.

ही नोंद आणि कोडिंग करायला स्कॅनर लागतो, आणि त्या विषयाला एक जुना इतिहास आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, ही तक्रार आयोगाने मान्य केली होती. त्या १४ मध्ये बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. प्रकरण पुढे अपिलांत अडकले. पण आयोगासमोर जे मांडले गेले ते आपल्या रोजच्या अनुभवाचेच होते. बॅटरीच्या नोंदीसारखी साधी प्रक्रिया प्रत्येक कंपनीने मालकाच्या हातातल्या पुस्तिकेत छापावी, ही मागणी आपल्या संघटनांनी सोडता कामा नये. तोवर चांगला स्कॅनर घेतल्याशिवाय या गाड्यांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या चार गॅरेजनी मिळून घ्यावा.

४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड गाड्या आता आपल्याकडे येऊ लागल्या आहेत. त्यांची लिथियम बॅटरी टर्मिनल सोडून बदलण्याची वस्तू नाही, प्रशिक्षणाशिवाय तिला हात लावू नका. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची बॅटरी राहतेच. २०२२ पासून चाकणला जुळवल्या जाणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएसमध्ये १०७.८ किलोवॅट-अवरचा संच आहे, तरी ती छोटी बॅटरी संपली तर मोठ्या संचाचे काँटॅक्टर जोडले जात नाहीत आणि गाडी हलत नाही. मालक घाबरून मोठी बॅटरी गेली असे समजतो. तिथे आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासणारा माणूस त्याला हवा आहे, आणि तो आपल्यापैकीच असू शकतो.

आता बिल. तपासणी, बॅटरी, बसवणे, नोंद आणि जुन्या बॅटरीची वजावट, या पाच ओळी वेगळ्या लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, अजून जुन्या दरपत्रकावरून अंदाज देत असाल तर ते बदला. तपासणीचे आकडे आणि बॅटरीचा क्रमांक छापून द्या. वजावटीची शेवटची ओळ अनेक जण गाळतात आणि जुनी बॅटरी परस्पर विकतात. तिच्यातल्या शिशाला चांगला भाव येतो आणि तो पैसा मालकाचा आहे. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरासाठी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती परत घेणारा अधिकृत विक्रेता शोधा. वस्तीतल्या भट्टीवाल्याला, दोन पैसे जास्त देतो म्हणून, ती देऊ नका. त्या भट्टीच्या धुरातले शिसे आजूबाजूच्या लहान मुलांच्या रक्तात जाते. परत दिलेल्या बॅटरीची पावती घ्या आणि तिचा क्रमांक मालकाच्या बिलावर लिहून द्या.