परीक्षेसाठी शाळा?

प्राथमिक शाळेत मूल काय शिकते हे समाजाला कळले पाहिजे, या मागणीत वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो हे मोजमाप कशासाठी वापरायचे, हा. त्याचे उत्तर दोन प्रगत देशांनी ठेच खाऊन मिळवले आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आली. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या विषयामागे शाळेचे अनुदान कापले जाई. परिणाम उघड होता. वाचनाचे पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले आणि इतर विषय मागे पडले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकपणावर कठोर टीका केली. तरी ती पद्धत मोडीत निघण्यास सुमारे तीन दशके लागली.

अमेरिकेने तोच धडा पुन्हा गिरवला. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत वाचन व गणिताच्या वार्षिक चाचण्या सक्तीच्या केल्या आणि सतत मागे पडणाऱ्या शाळांवर वाढत्या कारवाईची टांगती तलवार ठेवली. अटलांटा शहरात तर शिक्षकच मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुका पुसून दुरुस्त करू लागले. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतील गैरप्रकार उघडकीस आले व १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. २०१५ साली कायदा बदलला. वार्षिक चाचण्या मात्र राहिल्या.

याला केवळ शिक्षकांचे नैतिक अधःपतन म्हणून चालणार नाही. होल्मस्ट्रॉम व मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले की, एकाच व्यक्तीकडे अनेक कामे असताना मोबदला मोजता येणाऱ्या कामालाच जोडला, तर उरलेली कामे उपेक्षित राहतात. त्यांनी उदाहरणही शिक्षकाचेच घेतले होते. जिज्ञासा, प्रश्न विचारण्याचे धैर्य, दुबळ्या मुलाला दिलेला धीर यांना गुण नसतात.

मग मोजूच नये काय? अवश्य मोजावे, पण नमुन्याने. अमेरिकेत १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय पाहणी काही निवडक मुलांचीच चाचणी घेते. तिच्यावर कोणाची नोकरी वा अनुदान अवलंबून नसल्याने उत्तरे बदलण्याचा मोह कोणाला होत नाही. भारतातील २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणही नमुन्यावरच आधारलेले होते. अशा पाहणीतून कोणत्या जिल्ह्याला मदत हवी ते कळते, कोणत्या शिक्षकाला शिक्षा करावी ते नव्हे.

महाराष्ट्राने हा भेद जपला पाहिजे. शिष्यवृत्ती परीक्षा हुशार मुलास हात देण्यासाठी आहे. तिच्या यशस्वितांचे फलक हीच शाळेची प्रतिष्ठा ठरली, की जादा तास मोजक्या मुलांच्या वाट्याला जातात आणि अडखळत वाचणारे मूल मागच्या बाकावर राहते. शासनाने चाचण्यांचे निकाल शिक्षकाच्या हाती निदान म्हणून द्यावेत, त्याच्या डोक्यावर दंडुका म्हणून धरू नयेत. तापमापकाने ताप कळतो. त्याचा पारा खाली आणला म्हणून रोगी बरा होत नाही.